वीस टक्के पावसाची दुपार

मार्च सरला की माझा एक नेम सुरू व्हायचा. पहिली पाळी संपवून कारखान्याच्या फाटकाबाहेर आलो की गावाकडे चुलत्यांना फोन लावायचा आणि मोबाईलवरचा हवामानाचा अंदाज त्यांना वाचून दाखवायचा. आज दहा टक्के पाऊस. आज पंचवीस, पण रात्री. तात्या पलीकडून "बरं" म्हणायचे आणि पोराबाळांची चौकशी करायचे. मी फरीदाबादला, ते उजनीच्या पाण्यावर, मधे चौदाशे किलोमीटर. एवढ्या लांबून आपण घरच्या माणसांवर लक्ष ठेवतो आहोत, याचं मला फार समाधान होतं. त्याच समाधानानं एका दुपारी आम्हा दोघांना बुडवलं असतं. ही गोष्ट मी आजवर घरातही पुरती सांगितलेली नाही.

आम्ही इंदापूर तालुक्यातले भोई. आमच्या आज्याची मासेमारी भीमेच्या डोहातली. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, काठची गावं उठली, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं आणि नदीकाठची माणसं अचानक पल्याड न दिसणाऱ्या पाण्याच्या काठावर येऊन बसली. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणजे उन्हाळ्यात पेपरात 'उजनी उणे' असा मथळा येतो, तेव्हाही खाली होडी बुडण्याइतकं पाणी उरलेलंच असतं. चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम यांच्यावर आमच्या दोन पिढ्या जगल्या. मी डिप्लोमा करून वीस वर्षांपूर्वी उत्तरेत आलो, मोजमापाच्या खात्यात लागलो. दिवसभर हातात मायक्रोमीटर. जे मोजता येतं तेवढंच खरं, ही माझी धारणा तिथं पक्की झाली. फरीदाबादमध्ये पाणी असं नजरेला पडतच नाही. बडखलचा तलाव १९४७ सालच्या बांधाचा, पण मी आलो त्या काळात त्याचं गवताळ मैदान होत चाललं होतं. आता शुद्ध केलेलं सांडपाणी सोडून तो भरायचं काम चाललं आहे. मेट्रोच्या स्टेशनाला मात्र 'बडखल मोड' हे नाव आहे. सांगायचा मुद्दा हा की पाण्याची सवय अंगातून निघून जाते, आणि ती गेलेली आपल्याला कळत नाही.

२०१८ च्या मे महिन्यात मी सुट्टीवर गावी गेलो होतो. उजनीवर जाळं संध्याकाळी टाकतात आणि पहाटे काढतात. दुपारी टाकलं तर अडकलेला मासा तापलेल्या पाण्यात मरतो, सकाळपर्यंत नरम पडतो आणि भिगवणच्या बाजारात त्याला भाव मिळत नाही. म्हणून होड्या चार-साडेचारला निघतात. त्या दिवशी तात्या काठावर उभे होते, होडी सोडत नव्हते. नवं जाळं आणलेलं होतं, ते टाकायची मलाच घाई.

"आज हवा पडलीया," तात्या म्हणाले. "पानी लई गप हाय."

खरंच पान हलत नव्हतं. पश्चिमेला एक ढग होता, पण लांब, आणि आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. मी मोबाईल काढला. वीस टक्के. "तात्या, वीस म्हणजे काहीच नाही. दहापैकी आठ वेळा येत नाही पाऊस. चला." ते माझ्याकडे बघत राहिले. शिकलेला पुतण्या, दिल्लीकडून आलेला, चार दिवसांसाठी. त्यांना मला नाही म्हणवलं नाही. एवढंच झालं. ते स्वतःच्या मतानं पाण्यात उतरले नव्हते, माझ्या भिडेखातर उतरले.

काठापासून दीडएक किलोमीटर आत गेलो. तात्या वल्ह्यावर, मी मागे बसून जाळं सोडत होतो. जाळ्याचे थर्माकोलचे तुकडे एकामागून एक पाण्यावर ओळीनं बसत होते. निम्मं जाळं सुटलं असेल, तेवढ्यात मानेवर गार झुळूक आली. बेचाळीस अंशांच्या उन्हात अशी झुळूक आली की जीव सुखावतो. "बरं वाटलं," असं मी मोठ्यानं म्हणालोही. तात्यांनी मान वर केली. इतका वेळ माथ्यावर घिरट्या घालणारे सुरय पक्षी कुठं दिसत नव्हते. लांब पाण्यावर एक काळी रेघ उमटली होती, शाईत बोरू बुडवून ओढल्यासारखी, आणि ती आमच्याकडे सरकत होती. तात्यांनी पायाशी ठेवलेला कोयता उचलला आणि जाळ्याचा दोर कचकन तोडला. नवं जाळं. मी ओरडलो, तर म्हणाले, "डबा घे. पानी उपसत ऱ्हा. उठू नगं."

पुढची वीसएक मिनिटं मला सलग आठवत नाहीत. तात्यांनी होडी काठाकडे वळवली नाही, तिचं तोंड सरळ वाऱ्यात घातलं. मला वाटलं म्हाताऱ्याला दिशा कळत नाही. नंतर समजलं, काठाकडे वळलो असतो तर लाट आडवी लागली असती आणि पहिल्या तीन-चार लाटांतच होडी भरली असती. लाटा उंच नव्हत्या, कमरेएवढ्या असतील, पण एकीला लागून दुसरी, उसंत न देणाऱ्या. मी डब्यानं उपसायचो आणि तेवढंच पाणी परत यायचं. वारा आम्हाला मागे ढकलत होता आणि तात्या फक्त होडीचं नाक वाऱ्यातून ढळू देत नव्हते. तसेच रेटत रेटत आम्ही पाण्यातून वर आलेल्या जुन्या बाभळीच्या खुंटांना जाऊन अडकलो. तात्यांनी खुंटाला दोर टाकला आणि आम्ही बसून राहिलो. दोघांच्याही अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. घरात एकही नव्हतं.

घरी आल्यावर तात्या काकींना एवढंच म्हणाले, "जाळं गेलं." कुणाच्या हट्टापायी गेलं, ते सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तो सल अजून आहे.

पण मला गप्प करून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्या दिवशी आमच्या गावात पावसाचा एक थेंबही पडला नाही. आम्ही भिजलो ते लाटांनी. म्हणजे माझा मोबाईल चुकला नव्हता. पाऊस बहुधा येणार नाही म्हणाला होता आणि पाऊस आला नाही. अंदाज खरा ठरला आणि आम्ही मरता मरता वाचलो.

याचं कारण मी पुढं बऱ्याच उशिरा शोधलं, पण ते इथंच सांगतो. उन्हाळ्यातला वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्यातून पाऊस सुटला की खालच्या तापलेल्या कोरड्या हवेत त्यातला बराचसा वाटेतच सुकतो. पाणी सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. अशी गार झालेली हवा जड होते, घमेलं उपडं करावं तशी जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. हाच तो वारा. तो पावसाच्या पुढं धावतो, कधी पाऊस पडतो आहे तिथून दहा-पंधरा किलोमीटर लांबपर्यंत. जमिनीवर झाडं, घरं, बांध त्याला अडवतात. पाण्यावर अडवायला काही नसतं. जितकं पाणी मोकळं, तितकी लाट चढत जाते. मला मानेवर सुखावून गेली ती झुळूक म्हणजे या वाऱ्याची पहिली बोटं होती. माझ्या टक्केवारीत त्याला जागाच नव्हती, कारण मी फक्त पावसाची टक्केवारी बघत होतो.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. हीसुद्धा कबुलीच आहे. फोनवर अंदाज सांगणं बंद केलं. इथल्या गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला, चार मराठी माणसं जमली की मी सांगू लागलो की जुन्या माणसांना आभाळ वाचता येतं, यंत्रांना काय कळतं. सहदेव-भाडळीची पोथी आणून वाचली. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस जवळ, हे सगळं मी पोरांना मोठ्या अभिमानानं ऐकवू लागलो. चुलतभाऊ तोवर होडीवर जायला लागला होता, त्याला बजावलं की मोबाईल घरी ठेव आणि तात्या सांगतील तसं कर. सहा वर्षं मी याच समजुतीवर होतो.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आमच्या तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. आत सात माणसं होती. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं. ती मासेमारीची होडी नव्हती, माणसांची ने-आण करणारी होती. रस्त्यानं पल्याड जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून त्या काठाची माणसं वर्षानुवर्षं पाण्यावरूनच जातात-येतात. त्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याच्याही खाली गेलेलं होतं. पाणी आटलेलं, पात्र आक्रसलेलं, आणि तरीही. दोन-तीन दिवस शोध चालला. मी इथं बसून मराठी बातम्या लावायचो आणि बंद करायचो.

त्या आठवड्यात एका रात्री मी तात्यांना विचारलं, "तुम्ही काठावर असता तर ओळखलं असतं का?" मला 'हो' ऐकायचं होतं. सहा वर्षं मी त्या 'हो'वर विसंबून होतो. तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगता यायचं न्हाय बाबा. मी त्या दिशी पान्यात न्हवतो, म्हनून हाय." थोडं थांबून म्हणाले, "आमचा बाप नदीचा. नदीला लाट नसती. ही लाट आमी बी हितंच शिकलो, मार खाऊन."

एवढी साधी गोष्ट मला तोवर सुचली नव्हती. मी ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण म्हणत होतो, ते नदीचं आणि शेतीचं होतं. रोहिणीत पेरावं का, मृग बरसेल का, याच्यासाठी ते घडलेलं. उजनीचा हा जलाशय तात्यांच्या तरुणपणी तयार झाला. त्याचं सगळं ज्ञान एका पिढीचं आहे, आणि ते ज्यांना चुका करून मिळालं त्यांच्यापैकी काही ते सांगायला परत आले नाहीत. शिवाय २०१८ च्या त्या दुपारी तात्यांना 'हवा पडली' हे काठावरच कळलं होतं. कळूनही ते आत गेले. नुसत्या कळण्यानं माणूस वाचत नाही.

तेव्हा मला एक जुनी चिठ्ठी आठवली. ३० मे २०२२ ला दिल्लीत जी आंधी आली, ती इथल्या माणसांच्या चांगलीच लक्षात आहे. सफदरजंगला तापमान दीड तासाच्या आत ४० वरून २५ वर उतरलं होतं. त्या दिवशी मी पाळीवरून येऊन गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होतो. वायव्येला आभाळ पिवळट काळं झालेलं, त्याच्या बुडाशी धुळीची भिंत. इकडं वारा अंगावर यायच्या आधी दिसतो, कारण तो माती घेऊन येतो. मोजायची सवय हाताला लागलेली, मी घड्याळ बघितलं. लांबच्या निलगिरीची झाडं वाकलेली दिसली तेव्हापासून माझ्या गच्चीवरचा दोर तुटेपर्यंत अकरा मिनिटं. तिथून पाऊस यायला आणखी सात. दोन्ही आकडे मी बिलाच्या पाठीवर लिहून ठेवले होते, आणि त्यांचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक झालं. वल्ह्याची होडी, त्यात जाळं आणि दोन माणसं, तासाला साडेतीन-चार किलोमीटर जाते. अकरा मिनिटांत सहाशे-सातशे मीटर. उजनीवर धूळ नसते, भिंत दिसत नाही, पाण्यावरची काळी रेघ दिसते आणि ती धुळीच्या भिंतीपेक्षा पुष्कळ जवळ आल्यावर. म्हणजे अकरा मिनिटंसुद्धा मिळतील असं धरून चालता येत नाही. मी इतकी वर्षं 'आज पाऊस येईल का' याचं उत्तर शोधत होतो, आधी मोबाईलमध्ये, मग तात्यांच्या डोळ्यांत. विचारायला हवं होतं ते हे: वारा आत्ता सुटला, तर होडी कुठं असेल?

त्यानंतर मी मोबाईलकडे परत वळलो, पण वेगळ्या कामासाठी. इथून जवळ, नोएडात, मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथं 'अरुणिका' आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्का' हे महासंगणक बसले. त्याच पुण्याच्या संस्थेनं घडवलेली नवी अंदाज प्रणाली मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या जाळीवर चालते, आधीची जाळी १२ ची होती. हे मोठं काम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. तरी कुगावपाशी उठणारा एक ढग या जाळीच्या एका-दोन घरांत मावतो. आदल्या दिवशी काढलेला अंदाज त्याची तासावार वेळ सांगू शकत नाही, आणि हवामान खातं तसा दावाही करत नाही. उद्याचा अंदाज हा 'उद्या पल्याडच्या काठाला जाऊ नका' एवढं ठरवण्यासाठी आहे. प्रत्यक्ष दुपारी पाहायचा तो खात्याचा पुढच्या तीन तासांचा तात्काळ इशारा, आणि पुण्याच्या संस्थेचं 'दामिनी' ॲप, ज्यात आसपास वीज पडत असली की कळतं. वीस-तीस किलोमीटरवर विजा सुरू झाल्या, तर ढग तयार आहे आणि वारा कधीही निघेल, एवढं समजायला माझ्यासारख्यालाही पुरतं. मोबाईलला रेंज नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तीननं भागायचं, तितके किलोमीटर. हे सगळं मी चुलतभावाला शिकवलं. दामिनी त्याला माहीतच नव्हतं, कारण मीच त्याला मोबाईल घरी ठेवायला सांगितलं होतं.

एक गोष्ट मनाला लागते. समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमारांसाठी हवामान खात्याचा वेगळा इशारा निघतो, बंदरावर बावटा चढतो. आम्हाला येतो तो जिल्ह्याचा इशारा. पुणे जिल्हा लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत, आणि पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. पिवळा इशारा आला तर तो कोणत्या काठासाठी, हे होडीतल्या माणसानं कसं ओळखायचं? आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरावर वर्षाला तीन ते पाच हजार माणसं बुडतात असा अंदाज दिला जातो. तिथं जागतिक हवामान संघटनेनं २०१७ ते २०२१ या काळात केनिया, युगांडा, टांझानिया यांच्या हवामान खात्यांना बरोबर घेऊन सरोवराचे भाग पाडले आणि प्रत्येक भागासाठी वारा, लाट, पाऊस यांचा अंदाज काढून तो स्थानिक भाषांत रेडिओवर आणि होड्या लागतात त्या धक्क्यांवर पोचवला. त्या यादीत वारा आणि लाट आहे, पाऊस एकटा नाही. उजनी त्या मानानं लहान आहे. भिगवण, कुंभारगाव, पळसदेव, कुगाव इथं चार फलक आणि एक बावटा, एवढ्यानं सुरुवात होईल. मी यासाठी अर्ज लिहिला आहे, आणखी लिहीन.

तात्यांशी मात्र वाद घालावा लागला. मी म्हणालो, वैशाख-ज्येष्ठात दुपारनंतर काठापासून अर्ध्या किलोमीटरच्या पुढं जायचं नाही. ते म्हणाले, "मासा काय अर्ध्या किलोमीटरवर येऊन थांबतूय?" त्यांचं खरं होतं. पाणी आटत गेलं की मोठा मासा मधल्या खोलीत राहतो. लवकर टाकावं तर मासा नरम पडतो. बाजार चुकला तर घर चालत नाही. वळीव येतो तो तीन ते सात, आणि जाळं टाकायची वेळ तीच. हा पेच फरीदाबादच्या गच्चीवरून सुटणारा नाही, हे मी कबूल केलं. शेवटी ठरलं ते असं: दामिनीवर वीज दिसली किंवा हवा पडली, दोहोंतलं एक जरी झालं, तर त्या दिवशी जाळं काठालगतच, कमी मिळालं तरी. आणि एकानं 'नको' म्हटलं की दुसऱ्यानं समजूत काढायची नाही. ही दुसरी अट मी घातली. का घातली, ते तात्यांना समजलं. ते म्हणाले, "बरं."

उरला प्रश्न जॅकेटचा. मी दिल्लीहून दोन नेली होती. रोहित पक्षी बघायला पाहुणे होडीतून येतात तेव्हा चुलतभाऊ ते अंगात घालायचा आणि जाळ्याला जाताना खुंटीला लावायचा. मी रागावलो, तेव्हा त्यानं ते घालून दाखवलं. जाळं सोडताना पुढच्या प्लास्टिकच्या कड्यांत जाळ्याचे डोळे अडकत होते. जाळं पाण्यात ओढलं जात असताना छातीशी अडकलं तर माणूसच त्याच्याबरोबर जाईल. तो हट्टीपणा करत नव्हता, त्याला दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. वहिनींनी जुन्या नऊवारीचा काठ कापला आणि कड्यांवरून एक रुंद पट्टी शिवली, वरून खाली, बाजूला दोन नाड्या. जाळं आता त्यावरून सटकून जातं.

या मेमध्ये तो ते घालून जातो. मी पाळीवरून बाहेर पडलो की आधी दामिनी उघडतो, मग फोन लावतो. टक्के सांगत नाही. विचारतो, "हवा हाय का पडलीया?" आणि तो काय सांगतो ते ऐकून घेतो.